ऊन पाण्याचें यंत्र आणि न गोठणारा द्रव

वऱ्हाडची कीर्ति आहे ती उन्हाळ्याबद्दल. अकोल्या-अमरावतीकडील मनुष्यास ‘तुमच्याकडे थंडी कशी काय?’ असें सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु परतवाडा सोडून गाविलगडचे डोंगर चढावे, सेमाडोह व हरिसाल मागें टाकावें आणि धारणीकडे उतरावें, म्हणजे पौष-माघांतील पहांटे निराळाच अनुभव येतो. आकाश रात्रभर निरभ्र असतें, वारा पडलेला असतो, आणि डोंगरावरची जड, थंड हवा दरीच्या तळाशीं पाण्यासारखी सांचून राहते. अशा वेळीं आंघोळीला ऊन पाणी मिळणें ही चैन नव्हे, गरज आहे. लहान मुलांच्या बाबतींत तर ती अगदीं निकडीची गरज आहे.

गेल्या हिंवाळ्यांत त्याच बाजूच्या, मुलांच्या एका वसतिगृहाच्या व्यवस्थापकांचें मला पत्र आलें. मुलांच्या स्नानासाठीं त्यांनीं ५०० लिटरांच्या टांकीसह एक ‘हीट पंप’ बसवून घेतला होता. एके दिवशीं पहांटे पाहतात, तों यंत्राच्या मागील जाळीवर पांढरा शुभ्र बर्फ! गांवांतल्या मोटारदुरुस्ती करणाऱ्या एका माणसानें सल्ला दिला कीं, मोटारीच्या रेडिएटरमध्यें जें हिरवें कूलंट घालतात तेंच टांकीच्या पाण्यांत घालावें, म्हणजे पाणी गोठणार नाहीं व नळ फुटणार नाहींत. कूलंटचे दोन डबे आणूनही ठेवले होते. पत्रांतील प्रश्न एवढाच होता : ‘किती लिटर घालूं?’

मीं ताबडतोब उत्तर धाडलें, ‘एक थेंबही घालूं नका.’ असें कां लिहिलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे. सल्ला देणारा माणूस अडाणी नव्हता किंवा त्याचा हेतुही वाईट नव्हता. त्यानें सांगितलेला उपाय जगांत हजारों ठिकाणीं रोज उपयोगांत आहे. फक्त तो या यंत्राचा नव्हता, या गांवाचा नव्हता, आणि या पाण्याचा तर मुळींच नव्हता.

प्रथम हें यंत्र काय करतें तें पाहूं. आपल्या विहिरीवरची मोट आठवा. पाणी आपोआप वरून खालीं वाहतें. खालचें पाणी वर आणावयाचें तर बैल जुंपावे लागतात. बैल पाणी निर्माण करीत नाहींत, असलेलें पाणी ते वर ओढतात. उष्णतेचेंही तसेंच आहे. ती आपोआप उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे जाते. उलट दिशेनें न्यावयाची तर कष्ट पडतात. हीट पंप ही उष्णतेची मोट होय. बाहेरच्या हवेंत जी थोडीबहुत उष्णता असते ती गोळा करून तो टांकींतल्या पाण्यांत ओततो, आणि बैलांच्या जागीं तेथें विजेची मोटार राबत असते. म्हणूनच एक युनिट वीज खर्चून तीन युनिटांइतकी उष्णता मिळूं शकते. साध्या विजेच्या बंबांत एका युनिटाला एका युनिटाहून अधिक उष्णता कधींच मिळत नाहीं.

ही कल्पना नवी नाहीं. लॉर्ड केल्विन या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेले विल्यम थॉमसन यांनीं १८५२ सालींच ती मांडली होती. स्वित्झर्लंडांतील झूरिक शहराच्या नगरभवनांत १९३८ सालीं लिम्माट नदीच्या पाण्यांतून उष्णता उपसून इमारत ऊबदार ठेवण्याचें असें यंत्र सुरू झालें. आपल्याकडे हीं यंत्रें आलीं तीं मुख्यतः रुग्णालयें, खाणावळी व वसतिगृहें यांच्या ऊन पाण्यासाठीं.

आतां त्या पांढऱ्या बर्फाकडे वळूं. हवेंतून उष्णता गोळा करण्यासाठीं यंत्राच्या मागें पातळ पत्र्यांची एक जाळी असते आणि तिच्या नळ्यांतून एक विशिष्ट द्रव खेळत असतो. तो अगदीं कमी उष्णमानावर उकळतो, आणि उकळतांना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. हवेकडून उष्णता घ्यावयाची, तर ती जाळी हवेपेक्षां कांहीं अंशांनीं थंड असावीच लागते. पहांटे हवेचें उष्णमान पांच-सात अंशांवर आलें, म्हणजे जाळीचें उष्णमान शून्याखालीं जातें. मग हवेंतील बाष्प तिच्यावर जमून तेथेंच गोठतें. घरांतील फ्रीजच्या वरच्या कप्प्यांत बर्फाचे थर जमतात, तोच हा प्रकार.

म्हणजे व्यवस्थापकांनीं पाहिलेला बर्फ नळांतील पाण्याचा नव्हता. तो हवेंतील दंवाचा होता. तो होता यंत्राच्या बाहेर, आणि कूलंट ओतावयाचें होतें टांकीच्या आंत. टांकींतील पाणी तर त्या वेळीं चांगलें पन्नास अंश उष्ण होतें! डोकें दुखत असतां गुडघ्याला लेप लावावा, तसा हा उपचार झाला असता. असा बर्फ जमणें हा यंत्राचा दोषही नव्हे. चांगलें यंत्र तो ओळखतें, थोडा वेळ आपला प्रवाह उलटा फिरवून जाळी गरम करतें, आणि बर्फ वितळवून पुन्हां कामाला लागतें. त्या वेळीं वाफा निघतात व खालीं पाणी ठिबकतें. पाहणाऱ्यानें घाबरूं नये. मात्र सूर्य वर आला तरी बर्फ हटत नसेल, तर जाळींत कचरा अडकला आहे, पंखा नीट फिरत नाहीं, किंवा आंतील वायु कमी झाला आहे असें समजून जाणत्या कारागिराला बोलवावें.

येथें कोणी विचारील, ‘बर्फ बाहेरचा असो, पण धारणीच्या थंडीत नळांतलें पाणी गोठणारच नाहीं काय?’ प्रश्न रास्त आहे, कारण पाण्याचा स्वभाव विचित्र आहे. बहुतेक पदार्थ थंड होतांना आकसतात. पाणीही चार अंशांपर्यंत आकसतें, परंतु पुढें तें फुगूं लागतें, आणि बर्फ होतांना तर त्याचें आकारमान एकदम शेंकडा ९ नें वाढतें. बंद नळांत बर्फाची एक गुडदी बसली, आणि तिच्या व बंद तोटीच्या मध्यें पाणी कोंडलें गेलें, म्हणजे त्या पाण्यावर इतका दाब येतो कीं तांब्याची नळीही उलते. फुटल्याचें तेव्हां कळतही नाहीं. बर्फ वितळल्यावर घरांत पाणी पसरतें तेव्हां कळतें.

परंतु त्यासाठीं थंडी नुसती शून्याला स्पर्श करून चालत नाहीं. ती तासन् तास शून्याखालीं राहावी लागते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाकांठीं दंव गोठल्याच्या वार्ता आपण वाचतों. तेथें काय घडतें? निरभ्र रात्रीं पानें, गवत, मोटारीचे टप हे आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देतात आणि सभोंवतालच्या हवेपेक्षांही थंड होतात. अलाहाबादेस पूर्वीं याच युक्तीनें बर्फ करीत असत. उथळ मातीच्या परळांत पाणी भरून ते रात्रीं उघड्यावर, गवताच्या थरावर मांडीत; आणि हवा शून्याच्या वर असतांही सकाळीं त्यांत बर्फाची पापडी मिळे. रॉबर्ट बार्कर यांनीं १७७५ सालीं या पद्धतीचें वर्णन प्रसिद्ध केलें आहे. तथापि पापडी धरते ती उथळ परळांत, पानावरच्या थेंबावर. भिंतींतून जाणारा किंवा आवरण घातलेला नळ अशा चार-दोन तासांच्या थंडीनें गोठत नाहीं. विदर्भांत थंडी गाजते ती नागपुरास. तेथें २९ डिसेंबर २०१८ रोजीं उष्णमान ३.५ अंशांपर्यंत उतरलें होतें. म्हणजे तेंही शून्याच्या वरच. तेव्हां धारणींत नळ फुटण्याचें भय धरण्याचें कारण नाहीं.

मग न गोठणाऱ्या द्रवाचें स्थान कोठें? जेथें हिंवाळ्यांत उष्णमान वारंवार व बराच वेळ शून्याखालीं जातें तेथें : लडाखांत, आणि आपलीं अनेक मराठी कुटुंबें ज्या जर्मनी, इंग्लंड वा कॅनडासारख्या देशांत स्थायिक झालीं आहेत तेथें. तिकडील बऱ्याच घरांत हीट पंपाचें सर्व यंत्र घराबाहेर अंगणांत असतें, आणि घर उबविणारें पाणी नळांतून त्या यंत्रापर्यंत जाऊन परत येतें. पाणी फिरत आहे तोंवर भीति नाहीं. परंतु ऐन हिमवर्षावांत वीज गेली, कीं तें बाहेरच्या नळांत उभें राहतें आणि गोठतें. मग यंत्राचा सर्वांत महाग भाग, म्हणजे उष्णता पाण्यास देणारा पत्र्यांचा संच, तडकतो.

यावर उपाय काय, तें आपल्या कुल्फीवाल्याला पूर्वींपासून ठाऊक आहे. तो बर्फांत मीठ घालतो. मिठाचे कण पाण्यांत मिसळले म्हणजे पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या शिस्तबद्ध रचनेंत बसणें कठीण जातें, आणि गोठण्याचा बिंदु खालीं उतरतो. बर्फ-मिठाचें मिश्रण उणें २१ अंशांपर्यंत थंड होऊं शकतें, म्हणून तर डब्यांतलें दूध घट्ट होतें. परंतु नळांत मीठ घातलें तर धातु कुजते. मद्यार्क घातला तर तो उडून जातो व पेट घेतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनीं ग्लायकॉल या वर्गांतील द्रव निवडले. ते पाकासारखे दाट, रंगहीन व चवीला गोड असतात. ओळखूं यावे म्हणून विकतांना त्यांत हिरवा, निळा किंवा तांबडा रंग घालतात. त्यांपैकीं प्रॉपिलीन ग्लायकॉल पाण्यांत शेंकडा २५ मिसळलें तर मिश्रण सुमारें उणें १० अंशांपर्यंत गोठत नाहीं. शेंकडा ४० मिसळलें तर सुमारें उणें २१ अंशांपर्यंत टिकाव धरतें.

हें संरक्षण फुकट मात्र मिळत नाहीं. मिश्रण पाण्यापेक्षां दाट असल्यामुळें तें फिरविण्यास वीज अधिक लागते, आणि तें पाण्याइतकी उष्णताही वाहून नेत नाहीं. धातु कुजूं नये म्हणून त्यांत जीं द्रव्यें घातलेलीं असतात तीं कालांतरानें क्षीण होतात व मिश्रण आंबट होऊन उलट धातूलाच खाऊं लागतें. म्हणून वर्षांतून एकदां तें तपासावें लागतें. थोडेंसें घालून काटकसर करावी, तर अति विरळ मिश्रणांत जंतु वाढून चिकट गाळ धरतो. या कटकटीमुळें कांहीं ठिकाणीं द्रवाऐवजीं विशेष झडपा बसवितात. पाणी तीन अंशांच्या जवळपास आलें कीं त्या आपोआप उघडतात आणि बाहेरचा नळ रिकामा करतात. मात्र हे दोन उपाय एकत्र करूं नयेत. नाहींतर थंडी पडतांच तो महाग द्रव झडपेवाटे अंगणांत वाहून जावयाचा.

आतां मुख्य मुद्दा. परदेशांतील त्या घरांत हा द्रव ज्या पाण्यांत घालतात तें पाणी कोंडलेलें असतें. तेंच तें पाणी नळांतून वर्षानुवर्षें फिरतें. तोटीवाटे तें कधीं बाहेर येत नाहीं. स्नानाचें पाणी निराळ्या टांकींत असतें, आणि कोंडलेल्या पाण्याची उष्णता धातूच्या वेटोळ्यांतून त्यास मिळते. दोन्ही पाण्यांची गांठ पडत नाहीं. धारणीच्या वसतिगृहांत असें वेटोळें नव्हतें. तेथें टांकींतलें पाणी तेंच तोटीचें पाणी, तेंच बादलींतलें पाणी. शेंकडा ३० चें मिश्रण करावयाचें तर ५०० लिटरांच्या टांकीला १५० लिटर द्रव लागला असता, आणि पहिल्याच सकाळीं तो मुलांच्या अंगावरून वाहून गेला असता. दोन डबे घालून गोठणबिंदूंत नांव घेण्याजोगाही फरक पडला नसता. फरक पडला असता तो दुसऱ्याच गोष्टींत.

मोटारीच्या कूलंटमध्यें बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतें. तें गोड लागतें, आणि हेंच त्याचें सर्वांत मोठें वैगुण्य आहे. पोटांत गेल्यावर यकृतांत त्याचीं आम्लें बनतात. त्यांपैकीं ऑक्झॅलिक आम्ल शरीरांतील कॅल्शियमशीं संयोग पावून त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत रुततात. प्रौढ माणसाला शंभर-सवाशें मिलिलिटर म्हणजे एका लहान पेल्याइतका द्रव प्राणघातक होऊं शकतो. मुलाला त्याहून पुष्कळच कमी पुरतो. स्नान करतांना कोणतें मूल ओंजळभर ऊन पाणी तोंडांत घेत नाहीं? थंडीच्या दिवसांत चहासाठींही ऊन पाण्याची तोटीच आधीं सोडली जाते.

या द्रवांच्या कुळाची ओळख महाराष्ट्राला फार महागांत पडलेली आहे. १९८६ च्या आरंभीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरिनांत याच कुळांतील डायएथिलीन ग्लायकॉल हें विष निघालें, आणि न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें त्या प्रकरणाची चौकशी केली. त्यास सुमारें चार दशकें झालीं, तरी धडा पुरता गिरविला गेला नाहीं. २०२५ सालीं विदर्भाला लागून असलेल्या मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधांत हेंच विष आढळलें. वीसांहून अधिक लहान मुलें त्यानें गेलीं. त्यांतील अनेकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. त्या औषधाचा आणि हीट पंपाचा संबंध नाहीं, हें खरें. परंतु दोहोंतून शिकावयाचें तें एकच : हे द्रव दिसावयास सारखे, चवीला गोड, आणि गुणानें मात्र एकमेकांपासून जीवनमरणाइतके दूर आहेत. डोळ्यांनीं व जिभेनें त्यांची पारख होत नाहीं.

प्रॉपिलीन ग्लायकॉल हें त्या मानानें बरेंच निरुपद्रवी, इतकें कीं शुद्ध स्वरूपांत तें औषधांत व खाद्यपदार्थांतही वापरतात. म्हणून जेथें स्नानाचें पाणी शेजारून जातें, तेथें कोंडलेल्या नळांतही तेंच घालावें असा जाणत्यांचा दंडक आहे. वेटोळ्याला पुढेंमागें छिद्र पडलें तरी अनर्थ टळावा, हा त्यांतील हेतु. परंतु यंत्रासाठीं मिळणाऱ्या द्रवांत इतर रसायनें मिसळलेलीं असतात. म्हणून तेंही तोटीच्या पाण्यांत ओतण्याची वस्तु नव्हे.

तर मग धारणीसारख्या गांवीं करावें काय? उपाय साधे आहेत. यंत्राची जाळी स्वच्छ ठेवावी. मेळघाट हा सागाचा मुलूख. हिंवाळा सरतां सरतां सागाचीं मोठालीं पानें गळूं लागतात व जाळीवर येऊन चिकटतात. हवा अडली कीं बर्फ अधिक धरतो आणि वीज अधिक जळते. दुसरें, यंत्र पहांटे चालविण्याऐवजीं दुपारीं चालवावें. भर दुपारीं हवा पंचवीस अंशांवर असते. तेव्हां उष्णतेची विहीर उथळ असते, आणि मोटेला श्रम कमी पडतात. टांकीला व नळांना जाड आवरण असलें, म्हणजे दुपारीं तापविलेलें पाणी दुसऱ्या दिवशीं सकाळीं चांगलें ऊन मिळतें. तिसरें, पाण्यांतील क्षारांवर लक्ष ठेवावें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत हें यंत्र बसविणाऱ्यांना गोठण्याचें भय नाहीं. त्यांचा खरा शत्रु म्हणजे नळांत सांचणारा क्षारांचा थर आणि गंज.

ज्यांचीं मुलेंबाळें थंड देशांत आहेत त्यांनीं त्यांना पत्रांतून वा दूरध्वनीवर तीन प्रश्न अवश्य विचारावे. ‘तुमच्या यंत्राचें पाणी घराबाहेर जातें काय? वीज गेली तर तें गोठूं नये म्हणून द्रव आहे कीं झडप? आणि द्रव असल्यास तो कोणता, व गेल्या वर्षभरांत तपासला काय?’ या तिन्हींचें उत्तर ठाऊक असेल तर तो संसार हिमांतही सुखरूप आहे.

आणि ज्यांच्या घरीं मोटार आहे, त्यांनीं कूलंटचा डबा मूळच्या नांवाच्या चिठ्ठीसह, कुलपांत ठेवावा. उरलेला द्रव सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलींत कधींही भरूं नये. सांडला तर लगेच पुसून घ्यावा; कुत्र्यामांजरांनाही तो चाटावासा वाटतो. चुकून कोणाच्या पोटांत गेलाच, तर लक्षणांची वाट पाहत बसूं नये. आरंभीं माणूस केवळ झिंगल्यासारखा दिसतो, नंतर बरा वाटतो, आणि मूत्रपिंडें निकामी होत आहेत हें पुढें कळतें. तत्काळ रुग्णालय गांठावें व डबा सोबत न्यावा. वेळेवर पोंचल्यास या विषाचें आम्लांत होणारें रूपांतर थांबविणारीं औषधें आहेत.

वसतिगृहाच्या त्या व्यवस्थापकांनीं डबे दुकानदारास परत केले आणि जाळी झाडून घेतली. तींतून सागाच्या पानांचा टोपलीभर चुरा निघाला, असें त्यांनीं दुसऱ्या पत्रांत कळविलें. यंत्र आतां दुपारीं चालतें, व मुलांना सकाळीं ऊन पाणी मिळतें. पत्राच्या शेवटीं त्यांनीं लिहिलें होतें कीं, पहांटे जाळीवर थोडा बर्फ अजूनही धरतो. मुलें तो बोटानें खरवडून पाहतात आणि हंसतात. त्यांनीं खुशाल पाहावा. तो नुसत्या दंवाचा बर्फ आहे. त्यांत दुसरें कांहीं मिसळलेलें नाहीं.